एफपीएस साठ दिसतात, तरी गेम अडकतो: मग सेटिंग कुठलं बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपमध्ये आय५-११४००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड चार जीबीवालं, रॅम ८ जीबी, स्क्रीन १४४ हर्ट्झची. 'सायबरपंक २०७७' हा गेम सगळं लोवर टाकून खेळता, कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा ५५-६० दाखवतो, आणि तरीही गेममधल्या शहरात गाडी पळवली की झटके बसतात. यूट्यूबवर मात्र कुणीतरी त्याच कार्डावर हाय सेटिंगला गेम मक्खन चालवून दाखवतोय. तर तुमचं कुठलं सेटिंग चुकतंय?

बहुधा एकही नाही. म्हणूनच सगळं लोवर टाकूनही फरक पडला नाही. मी सांगलीत बरीच वर्षं कॉम्प्युटर जोडायचं नि दुरुस्त करायचं दुकान चालवतो. 'गेम लॅग मारतोय, सेटिंग लावून द्या' म्हणत जी पोरं येतात त्यांच्यातल्या निम्म्या वेळा तरी मी ग्राफिक्सच्या मेन्यूला हातही लावत नाही. आधी बघतो की अडतंय कुठे. तुमच्या बाबतीत मला संशय रॅमचा आहे, पण तो दुरून घेतलेला संशय आहे. खात्री तुम्हाला घरीच करता येईल, ती कशी ते खाली सांगतो.

पहिली गोष्ट त्या आकड्याची. एफपीएस म्हणजे सेकंदाभरात किती फ्रेम, म्हणजे चित्रं, आल्या त्याची मोजणी. त्या सारख्या अंतराने आल्या की नाही, हे तो आकडा सांगत नाही. साठ एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. आता समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आल्या आणि साठाव्या फ्रेमला १७४ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद. मीटर साठच दाखवणार, पण त्या १७४ मिलिसेकंदांत तुमची गाडी वळणावर थिजलेली असते. सलग ४० एफपीएसवर चालणारा गेम, म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एक फ्रेम, यापेक्षा कितीतरी गुळगुळीत वाटतो. डोळ्याला कमी वेग सवयीने चालतो, मधेच बसणारा हिसका चालत नाही.

तेव्हा सरासरी बघणं सोडा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर हे मोजमाप दाखवणारे प्रोग्रॅम टाका, दोन्ही फुकट आहेत. स्क्रीनवर पाच गोष्टी आणा: फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख, जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), सिस्टीमची रॅम, आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर वेगवेगळा. हे शेवटचं महत्त्वाचं. तुमच्या प्रोसेसरला सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. त्यातला एकच थ्रेड पूर्ण दमला तरी एकूण वापर आठ-नऊ टक्केच दिसेल, आणि तुम्ही म्हणाल, 'सीपीयू तर मोकळाच आहे की!'

मग एक ठरलेला रस्ता पकडा. मी गेममधल्या वॉटसन भागातल्या व्हीच्या, म्हणजे आपल्या पात्राच्या, घराखालून गाडी काढतो आणि जॅपनटाउनच्या गर्दीपर्यंत जातो. दर वेळी तोच सेव्ह, तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ. गेममध्ये स्वतःचा बेंचमार्क आहे आणि तो चांगलाही आहे. पण त्यात कॅमेरा ठरलेल्या वाटेने संथ फिरतो, वेगात गाडी पळवताना नवा नवा भाग डिस्कवरून ओढून आणायची जी मारामार होते ती त्यात येत नाही. तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आता अडतंय कुठे ते कसं ओळखायचं? पोरांना मी पंगतीचं उदाहरण देतो. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आचारी आणि जीपीयू हा वाढपी. पानं लवकर वाढून व्हायची असतील तर दोघांचाही हात चालला पाहिजे. आचाऱ्याचा भातच शिजलेला नसेल तर वाढप्याला कितीही हलकं पातेलं द्या, तो दारात उभाच राहणार. ग्राफिक्सची बरीचशी सेटिंग्ज फक्त वाढप्याचं ओझं कमी करतात. आचारी मागे पडला असेल तर ती सेटिंग्ज खाली आणून चित्र तेवढं खराब होतं, पंगत काही लवकर उठत नाही.

तपासणी सोपी आहे. त्याच रस्त्यावर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस चांगले उडी मारून वर गेले तर अडचण जीपीयूची. जेमतेम हलले तर ती सीपीयूची किंवा रॅमची. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड आपलं काम करतंय. तो ६०-७० वर घुटमळत असेल तर कार्ड कुणाची तरी वाट बघतंय. तुम्ही सगळं लोवर टाकलंत आणि झटके जसेच्या तसे राहिले, म्हणजे ही चाचणी नकळत तुम्ही अर्धी केलेलीच आहे.

आता तुमच्या लॅपटॉपकडे येऊ. 'सायबरपंक' १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा कंपनीने किमान रॅम ८ जीबी सांगितली होती. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अपडेटनंतर किमान मागणी बदलली: रॅम १२ जीबी, कार्ड जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं, आणि हार्ड डिस्क चालणार नाही, तिच्याहून वेगवान एसएसडीच हवी. म्हणजे तुमचं कार्ड ताकदीला कमी नसलं तरी त्याची मेमरी किमानपेक्षा दोन जीबीने कमी आहे, आणि रॅम चार जीबीने कमी. ही तुमची चूक नाही. दुकानातल्या पाटीवर 'गेमिंग लॅपटॉप' लिहिलेलं असतं, रॅमचे स्लॉट किती भरलेत ते लिहिलेलं नसतं.

या दोन कमतरता एकमेकींना धरून तुम्हाला त्रास देतात. व्हीरॅमचे चार जीबी भरले की कार्ड उरलेला माल सिस्टीमच्या रॅममध्ये ठेवू लागतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'शेअर्ड' नावाखाली जी मेमरी दिसते ती हीच. ती जागा कुठून येते? तुमच्या त्याच ८ जीबीतून. त्यातला मोठा हिस्सा विंडोज आणि मागे चालणारे प्रोग्रॅम घेऊन बसलेले असतात, गेमला स्वतःला भरपूर लागते, आणि वरून कार्डाचा पसारा. मग विंडोज रॅममधला काही माल एसएसडीवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं आणि लागला की परत आणतं. एसएसडी कितीही चपळ असली तरी रॅमच्या तुलनेत ती बैलगाडीच. गाडी वळवताना बसणारा झटका हा बहुतेक वेळा या ने-आणीचा असतो. चाचणी करताना नजर तिथेच ठेवा: झटका बसतो त्या क्षणी रॅम साडेसात जीबीला टेकलेली आणि शेअर्ड मेमरी चढलेली दिसली, तर माझा संशय खरा.

अजून एक गोष्ट बघा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे स्लॉट किती वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. ८ जीबीच्या बहुतेक लॅपटॉपांत दोनपैकी एकच भरलेला असतो. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन स्टिक जोडीने ५१.२. म्हणजे आचाऱ्याला दोन शेगड्यांपैकी एकच पेटवून दिलेली आहे. शहरातली गर्दी, वाहनं, सतत बदलणारा परिसर, हे सगळं हाताळताना प्रोसेसरला ही दुसरी शेगडी फार लागते.

म्हणून खर्चाचं विचाराल तर मी एकच सांगेन: तशीच दुसरी ८ जीबीची स्टिक, त्याच वेगाची. तुमच्या गावातही मिळेल, त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही. लॅपटॉप उघडण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्या. काही कंपन्यांना ग्राहकाने रॅम टाकलेली चालते, काहींना त्यांच्याच माणसाचा हात लागतो. आणि काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, तिथे हा मार्गच बंद. तुमचं नेमकं मॉडेल तुम्ही दिलेलं नाही, म्हणून हे पक्कं सांगता येत नाही.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. एका कॉलेजच्या पोराला मी गेम अडकतोय म्हणून नवं कार्ड घ्यायला लावलं होतं. कार्ड आलं, सरासरी एफपीएस दीडपट झाले, झटके होते तसेच! गेम हार्ड डिस्कवर होता आणि डिस्क शंभर टक्क्यांवर धापा टाकत होती, ते मी बघितलंच नव्हतं. त्याच्या वडिलांनी काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून मी मोजल्याशिवाय बोलत नाही.

रॅम येईपर्यंत, किंवा येणारच नसेल तर, सेटिंग्जमध्ये काय करायचं? सगळं लोवर ठेवू नका. प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंग्जच्या संचांत, 'स्टीम डेक' नावाचा एक पर्याय आहे, तो लावा आणि तिथून सुरुवात करा. हाताएवढ्या यंत्रासाठी बनवलेला असल्यामुळे त्यातला समतोल बराच शहाणा आहे. मग एकेक गोष्ट बदला आणि दर बदलानंतर तोच रस्ता पुन्हा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही.

टेक्स्चरचं, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचं, सेटिंग सगळ्यात फसवं. त्याने जीपीयूच्या ताकदीवर जवळजवळ भार पडत नाही, भार पडतो मेमरीवर. व्हीरॅममध्ये मावतंय तोवर हायलाही फुकट, आणि मावेनासं झालं की त्याच्याइतकं महाग काही नाही. चार जीबीला मीडियम ठेवा, शेअर्ड मेमरी तरीही चढत असेल तर लो. आणि ते गेमच्या मुख्य मेन्यूतून बदला, खेळता खेळता बदलता येत नाही. पोरं मधेच थांबवून शोधतात आणि 'पर्याय बंद दिसतोय' म्हणून फोन करतात.

क्राउड डेन्सिटी, म्हणजे गर्दी, थेट लोवर. रस्त्यावर माणसं कमी दिसतील, पण तेवढीच आचाऱ्याची पानं कमी. तुमच्या परिस्थितीत प्रोसेसरला खरा दिलासा देणारं सेटिंग हेच. लेव्हल ऑफ डिटेलही थोडं त्याच बाजूचं, लांबच्या वस्तू किती बारकाईने काढायच्या ते ठरवणारं.

वाढप्याला जड जाणाऱ्यांत पहिला नंबर स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शनचा, म्हणजे प्रतिबिंबांचा. त्यातला 'सायको' हा पर्याय नावाला जागतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. लो ठेवा, थोडे दाणे दिसतात ते चालतील. व्हॉल्युमेट्रिक फॉग लो, ढग मीडियम, सावल्यांची सेटिंग्ज मीडियम, अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्याकोपऱ्यांतला काळोख) लो. ॲनिसोट्रॉपी ८ किंवा १६ ठेवा, रस्ता लांबवर गढूळ दिसत नाही आणि किंमत नगण्य आहे. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन हे आवडीनिवडीचे विषय. मी तिन्ही बंद करतो, वेगासाठी नव्हे, डोळ्यांसाठी. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाची वाट मोजून चित्र काढणं, तुमच्या कार्डावर विसरा. ते जीपीयूवर तर बसतंच, शिवाय व्हीरॅम खातं आणि प्रोसेसरचंही काम वाढवतं, म्हणजे तुमच्या तिन्ही दुखऱ्या जागांवर एकदम बोट.

डीएलएसएसबद्दल, म्हणजे कमी पिक्सेल काढून चित्र मोठं करणाऱ्या एनव्हिडियाच्या (तुमचं कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या) सुविधेबद्दल जरा सविस्तर, कारण त्याच्यावर लोकांची श्रद्धा फार. १०८० पी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. 'क्वालिटी' निवडलं की कार्ड आतून फक्त १२८० बाय ७२० काढतं, म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल, निम्म्याहूनही कमी, आणि उरलेलं हिशेबाने भरून काढतं. 'परफॉर्मन्स' मध्ये तर ९६० बाय ५४०, चौथा हिस्सा. तुमच्या पडद्यावर 'क्वालिटी' छान दिसतं, 'बॅलन्स्ड' चालवून घेता येतं, त्याखाली गेलात की लांबचे दिवे आणि तारा थरथरू लागतात. ही सुविधा जरूर वापरा. पण हा सगळा दिलासा वाढप्याचा आहे. आचारी अडलेला असताना 'क्वालिटी' वरून 'परफॉर्मन्स' वर जाऊन हाती काही लागत नाही. जानेवारी २०२५ पासून गेममध्ये डीएलएसएसचं ट्रान्सफॉर्मर नावाचं नवं मॉडेल निवडता येतं. चित्र जास्त स्वच्छ येतं, पण तीस मालिकेच्या कार्डांना ते जुन्यापेक्षा जड जातं, तेव्हा मोजून ठरवा.

फ्रेम जनरेशनचा, म्हणजे मधल्या फ्रेम बनवून घालायचा, मोह होईल. एनव्हिडियाचं तुमच्या कार्डावर चालत नाही, त्याला चाळीस मालिकेचं किंवा त्यापुढचं कार्ड लागतं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं एफएसआर ३ सप्टेंबर २०२४ च्या अपडेटनंतर या गेममध्ये आहे आणि ते तुमच्याकडे चालेल. मी तरी लावू नका म्हणेन. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली फ्रेम घालतं, त्यासाठी मेमरी आणखी लागते, आणि खऱ्या फ्रेमच वेड्यावाकड्या येत असतील तर मधली घालून लय सुधारत नाही. मीटरवर नव्वद दिसतील, हिसके तेच.

आता स्क्रीनची गोष्ट, हिच्याकडे कुणी बघत नाही. तुमची स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा ताजी होते. साठ फ्रेम त्यात वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला २.४ वेळा येतात. २.४ वेळा तर काही दाखवता येत नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. कॅमेरा सावकाश फिरवताना जी बारीक थरथर जाणवते ती इथून. स्क्रीनला व्हेरिएबल रिफ्रेश, म्हणजे फ्रेम येईल तेव्हा ताजी व्हायची सोय, असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर दोन मार्ग: विंडोजमधून स्क्रीन ६० हर्ट्झवर आणून गेम साठ एफपीएसवर बांधा, म्हणजे त्यापुढे जाऊ देऊ नका, किंवा १४४ ठेवून गेम ४८ वर बांधा, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा. तुमच्या लॅपटॉपला मी ४८ देईन. पोरांना हा आकडा अपमानास्पद वाटतो. 'साठपेक्षा कमी?' म्हणतात. मग मी मीटर झाकून खेळायला देतो. बंधन रिव्हाट्यूनरमधून घाला, तिथे फ्रेमचं अंतर नीट सांभाळलं जातं.

बांधण्याचा दुसरा फायदा उष्णतेचा. कार्ड नि प्रोसेसर दोघांना श्वास मिळतो. तुम्ही अकोल्याचे आहात असं लिहिलंय, म्हणजे मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीच्या पार. लॅपटॉप बाहेरची हवाच आत ओढून गार होतो, ती हवाच तापलेली असेल तर पंख्याने तरी काय करावं? झटके खेळायला बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू होत असतील आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वेग कोसळताना दिसत असेल, तर वर सांगितलेलं रॅमचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी लॅपटॉप साफ करून घ्या, मागची बाजू उचलून ठेवा. पण झटके पहिल्या मिनिटापासून असतील तर दोष उन्हाळ्याचा नाही. आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर खेळून मोजमाप करू नका, बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही.

त्या यूट्यूबवाल्याचं राहिलं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० एकाच नावाने ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत विकलं गेलंय. कंपनी किती वॉट देते त्यावर त्याची चाल ठरते. त्याच्याकडे ८० वॉटचं कार्ड आणि १६ जीबी रॅम असू शकते, व्हिडिओ २.० अपडेटच्या आधीचा असू शकतो, आणि तो गाडी न पळवता गल्लीत चालत फिरलेला असू शकतो. व्हिडिओची तारीख आणि कोपऱ्यातला रॅमचा आकडा बघा, बरंचसं तिथेच कळेल. तुमचं कार्ड किती वॉटचं आहे ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टीम माहितीत दिसतं.

दुसऱ्या गेमांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. अनरियल इंजिन या गेम बनवायच्या साधनावरच्या कित्येक गेमांत झटके शेडर (दृश्य कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना बसतात. एखादा स्फोट पहिल्यांदा झाला की हिसका, दुसऱ्यांदा नाही. ड्रायव्हर बदलल्यावर ते पुन्हा नव्याने तयार करावे लागतात, म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासावरून मत बनवू नका. तिथे मेन्यूतलं कुठलंच सेटिंग फारसं कामी येत नाही.

तुमचा क्रम असा लावा. आज संध्याकाळी आफ्टरबर्नर टाकून तो रस्ता एकदा आहे तसा, एकदा ७२० वर चालवा. झटक्याच्या क्षणी रॅम, व्हीरॅम, शेअर्ड मेमरी नि तापमान काय होतं ते लिहून ठेवा. मग क्रोम बंद, डिस्कॉर्ड बंद, टेक्स्चर मीडियम, गर्दी लो, ४८ चं बंधन, आणि पुन्हा तोच रस्ता. दुसरी स्टिक आली की तिसऱ्यांदा. आलेखाची रेघ सपाट झाली आणि कार्डात जीव शिल्लक दिसला, की मगच एकेक सेटिंग वर चढवायला घ्या. मी पहिल्यांदा रिफ्लेक्शन एक पायरी चढवतो. नाइट सिटीत रात्री पाऊस पडून गेल्यावर ओल्या रस्त्यात निऑनच्या पाट्या उलट्या दिसतात, त्यासाठी मी सावल्या खुशाल लोवर सोडून देतो.